न दिसणारा उजेड, न दिसणारी धूळ

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर नावाचं एक जुनं गाव आहे. तिथली बारव पाहायला लांबलांबून माणसं येतात. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पण वालूरच्या बारवेची तऱ्हाच न्यारी! हिच्या पायऱ्या सरळ खाली उतरत नाहीत. शंखावरच्या वळशांसारख्या गोल गोल फिरत त्या पाण्यापर्यंत पोचतात. माती आणि झाडोऱ्यानं बुजत चाललेली ही बारव अलीकडे गावकऱ्यांनी पुन्हा मोकळी केली.

जमिनीखालच्या पाण्यापर्यंत पोचायला जुन्या कारागिरांनी ही युक्ती केली. आता जमिनीखालून आणखी एक गोष्ट गावोगाव पोचू लागली आहे. ती पाणी नाही आणि वीजही नाही. मग काय असेल बरं?

ती गोष्ट आहे उजेड! केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून धावणारा उजेड. या धाग्याला म्हणतात ऑप्टिकल फायबर, म्हणजेच प्रकाशतंतू. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूनं जोडायच्या, अशी योजना केंद्र सरकारनं २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळालं. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरांना पाठवलेला एक्स-रेचा फोटो, हे सारं या उजेडावर स्वार होऊन जाऊ शकतं.

पण मित्रांनो, हा उजेड मोठा नाजूक असतो बरं का! त्याला सांभाळणाऱ्या माणसांना दोन गोष्टींशी झुंजावं लागतं आणि त्या दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची ओळख करून घेऊ. त्याआधी एक प्रश्न सोडवू या. उजेड तर सरळ रेषेत जातो, असं आपण शाळेत शिकतो. मग तो वळणावळणाच्या धाग्यातून जातो कसा?

उजेडाला कोंडायचं कसं?

सुमारे १८४१ ची गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात झाँ-दानिएल कोलादाँ नावाचे एक शास्त्रज्ञ होते. पाण्याची धार कशी वाहते, हे त्यांना विद्यार्थ्यांना नीट दाखवायचं होतं. त्यांनी टाकीच्या भोकातून पाण्याची धार सोडली आणि मागून त्या धारेत उजेडाचा झोत टाकला. पाहतात तो काय! धार जशी वाकत खाली आली, तसा उजेडही तिच्यासोबत वाकत खाली आला. जणू धारेत कोंडलाच गेला.

याचं कारण असं. पाण्यातून किंवा काचेतून बाहेर हवेत जाणारा उजेड पृष्ठभागावर फार तिरका येऊन आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. आरशावरून परतावा तसा सगळाच्या सगळा आत परततो. पुन्हा दुसऱ्या बाजूला आदळतो, पुन्हा परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. उजेड सरळच जातो, पण ठेचकाळत ठेचकाळत वळण पार करतो.

प्रकाशतंतूत हीच युक्ती वापरली आहे. मधोमध अतिशुद्ध काचेचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती किंचित वेगळ्या काचेचं वेष्टन. उजेड गाभ्यात कोंडलेला राहतो. नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले शास्त्रज्ञ. त्यांनी लंडनमध्ये हेरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. त्यांचा लेख १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नावही कपानी यांनीच रूढ केलं.

तरी एक अडचण होतीच. त्या वेळच्या काचेत उजेड थोड्याच अंतरात विरून जायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं, की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धतेचा आहे. काच शुद्ध करा, उजेड दूर जाईल! १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं अशी काच बनवली, की एक किलोमीटर गेल्यावर शंभरातले सुमारे दोन भाग उजेड शिल्लक राहायचा. तेव्हा तोही मोठा पराक्रम होता. आजच्या चांगल्या प्रकाशतंतूत एक किलोमीटरनंतर शंभरातले सुमारे ९५ भाग शिल्लक राहतात. काओ यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या महाराष्ट्रात

या गोष्टी साता समुद्रापलीकडच्याच आहेत असं समजू नका. एका टेलिफोन केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत प्रकाशतंतूवरून बोलणं नेणारी भारतातली पहिली यंत्रणा सुरू झाली ती आपल्या पुण्यात, १९७९ मध्ये.

पुणे जिल्ह्यातच नारायणगावजवळ खोडद इथं ‘जीएमआरटी’ ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड थाळ्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांकडून आलेले अतिशय क्षीण रेडिओ संदेश या थाळ्या पकडतात. मग ते संदेश लेसरच्या उजेडावर चढवले जातात आणि प्रकाशतंतूवरून मधल्या इमारतीत आणले जातात.

आणि आपला मराठवाडा? छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा आणि वाळूज इथं स्टरलाइट कंपनीचे कारखाने आहेत. शेंद्र्याला खास काच तयार होते आणि वाळूजला तिचे तंतू ओढले जातात. काचेचा जाड दांडा उंच मनोऱ्यावर उभा धरतात. त्याचं टोक सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मग पाकाची तार निघावी तसा खाली काचेचा धागा निघतो! त्याची जाडी असते फक्त १२५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उजेड वाहून नेणारा मधला गाभा तर लांब पल्ल्याच्या तंतूत जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. तुमच्या डोक्यावरचा केस त्याच्या सात-आठ पट जाड भरेल!

पेटीतला चिमुकला दिवा

आता मुख्य कामाकडे वळू. प्रकाशतंतूत उजेड सोडतं कोण आणि पलीकडे तो वाचतं कोण?

टेलिफोन केंद्रात, कॉलेजात, मोठ्या दवाखान्यात, कारखान्यात चपट्या लोखंडी पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. ओळीनं खाचा, हिरवे दिवे लुकलुकताहेत, निळ्या-पिवळ्या वायरी लोंबताहेत. या पेटीचं नाव स्विच. नाव स्विच असलं, तरी आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणाशी त्याचं नातं नाही. हा आहे संदेशांचा पोस्टमन. आलेला प्रत्येक संदेश कुणाचा आहे ते पाहून तो योग्य वायरीवर धाडतो.

स्विचला कळते विजेची भाषा आणि तंतूला कळते उजेडाची. मग दोघांत दुभाष्या हवा. तो दुभाष्या म्हणजे मॉड्यूल. सर्वांत जास्त दिसणारं मॉड्यूल म्हणजे ‘एसएफपी’. सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटरहून कमी रुंद, म्हणजे तुमच्या बोटाएवढी धातूची डबी. तिच्या तोंडाशी बहुधा दोन भोकं असतात. एकातून आतला चिमुकला लेसर उजेड बाहेर सोडतो. दुसऱ्यातून पलीकडचा उजेड आत येतो. पहिल्याला ‘टीएक्स’ म्हणतात, दुसऱ्याला ‘आरएक्स’. एका सेकंदाला एक अब्जाहून जास्त वेळा हा उजेड कमी-जास्त होतो. त्या लुकलुकण्यातच तुमचा फोटो, पत्र, गाणं सगळं लिहिलेलं असतं.

कधी हा लेसर थकतो. कधी विजेच्या झटक्यानं डबी बिघडते. मग ती बदलावी लागते. चांगली गोष्ट अशी, की सहसा स्विच बंद न करता डबी काढता-घालता येते. म्हणजे एका वायरीसाठी सगळ्या गावाचं काम थांबत नाही. पण काम सोपं दिसतं म्हणून घाई केली, की त्या दोन न दिसणाऱ्या गोष्टी आडव्या येतात.

पहिली न दिसणारी गोष्ट : उजेड

समजा, तालुक्याच्या केंद्रात एक तंत्रज्ञ दादा काम करतोय आणि नववीतली एक मुलगी बाजूला उभी राहून पाहतेय. दादानं वायर काढून बाजूला धरली.

“दादा, यातून उजेड येतो ना? मग टोक काळंच कसं दिसतं? जवळून बघू का?”

“अगं थांब! ते टोक डोळ्यांसमोर धरायचंच नाही. आधी तोंड खाली कर त्याचं!”

दादा एवढा का ओरडला? कारण हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा उजेड. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. प्रकाशतंतूत मात्र ८५०, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरच्या लहरी वापरतात. हा अवरक्त उजेड. टोक काळंकुट्ट दिसतं, पण त्यातून लेसर वाहत असू शकतो.

भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणून कागद पेटवलाय कधी? आपल्या डोळ्यातही एक भिंग आहे. ते लेसरचा उजेड पडद्यावर अगदी बारीक ठिपक्यात गोळा करतं. तीव्र उजेड डोळ्यांवर पडला की आपण चटकन पापणी मिटतो, मान वळवतो. पण जो उजेड दिसतच नाही, त्याला पापणी कशी मिटणार? इजा होऊन गेल्यावर कळतं. आणि दृष्टिपटलाची इजा खरचटलेल्या गुडघ्यासारखी भरून येत नाही.

आता खरं ते सांगायला हवं. लहान स्विचमधली बहुतेक मॉड्यूल पहिल्या वर्गातल्या लेसरची असतात. म्हणजे नेहमीच्या वापरात उघड्या डोळ्यांना इजा होणार नाही, इतका त्यांचा उजेड मंद ठेवलेला असतो. मग दादा उगाच घाबरला का? नाही. एक तर हातातली वायर कुठून आली आहे, तिच्यावर लांब पल्ल्याची, उजेड वाढवणारी ताकदवान यंत्रणा बसवली आहे का, हे नुसतं पाहून कळत नाही. दुसरं म्हणजे टोक तपासायला भिंग किंवा सूक्ष्मदर्शक लावला, तर मंद उजेडही एकवटून डोळ्यात शिरतो. म्हणून जाणकार माणसं एकच नियम पाळतात. प्रत्येक टोक चालू आहे असंच समजायचं आणि ते कधीही डोळ्यांसमोर धरायचं नाही.

“मग मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघू?” असंही एखादा हुशार मुलगा विचारेल. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा उजेड मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून वायर बंद आहे असं समजणं, ही सर्वांत धोक्याची चूक. उजेड आहे की नाही, हे सांगायला प्रकाशशक्ती मोजणारं यंत्र असतं, पॉवर मीटर. तेच वापरायचं. तुटकी जागा शोधायला तंत्रज्ञ एक लाल उजेडाचं पेनही वापरतात. तो उजेड दिसतो खरा, पण तोही लेसरच. त्याच्याकडेही रोखून पाहायचं नाही.

दुसरी न दिसणारी गोष्ट : धूळ

आता गाभ्याची जाडी आठवा, ९ मायक्रॉन. आपल्या अंगणातली, कापसाच्या जिनिंगमधली, रस्त्यावरची धूळ पाहा. तिच्यातला एखादा बारीक कणही ८-१० मायक्रॉनचा असू शकतो. म्हणजे एकच कण गाभ्याच्या तोंडावर बसला, तर बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळावी तशी गत! उजेड अडतो, काही मागे फिरतो, नेट मंदावतं किंवा बंदच पडतं.

एवढ्यावर भागत नाही. दोन टोकं जोडताना ती एकमेकांना दाबून टेकवलेली असतात. मध्ये कण सापडला, तर तो काचेवर ओरखडा काढतो. मग नंतर कितीही पुसा, ओरखडा जात नाही. बोटांचं तेलही तसंच. म्हणून काचेच्या टोकाला बोट लावायचं नाही. तोंडानं फुंकर घालायची नाही, कारण फुंकरीबरोबर लाळेचे तुषार जातात. सदऱ्याच्या टोकानं पुसणं तर नकोच नको!

मग पुसायचं कशानं? पेनासारखं एक साधन मिळतं. टोकावर दाबलं की आतला स्वच्छ दोरा सरकतो आणि टोक पुसून काढतो. टोक फारच मळलेलं असेल, तर तंतू न सुटणारा खास कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात आणि लगेच कोरड्या कागदानं पुसतात. तपासणीसाठी असा सूक्ष्मदर्शक चांगला, ज्याचं चित्र पडद्यावर दिसतं. म्हणजे डोळा थेट काचेला लागत नाही. कामाचा क्रम पाठच करून ठेवा : तपासा, पुसा, पुन्हा तपासा, मगच जोडा.

आणि ती छोटीशी प्लॅस्टिकची टोपी! मॉड्यूलच्या आणि वायरीच्या तोंडावर ती असते. वायर काढली, की दुसरं काही करायच्या आधी दोन्हीकडे टोप्या लावायच्या. काढलेल्या टोप्या खिशात कोंबायच्या नाहीत. खिशातली धूळ टोपीत जाते आणि टोपीतली काचेवर. त्या स्वच्छ पिशवीत ठेवायच्या. दोन-चार पैशांची वाटणारी ही टोपी हजारो रुपयांचं मॉड्यूल वाचवते.

मॉड्यूल बदलताना

आपल्या तंत्रज्ञ दादाचं काम आता पायरी-पायरीनं पाहू या.

१. आधी वही, मग हात. कोणत्या खाचेतून कोणती वायर निघते, ते त्यानं लिहून घेतलं. वायरीवर चिठ्ठी लावली. पलीकडच्या लोकांना फोन करून सांगितलं, “दहा मिनिटं लाइन बंद राहील.” मग संगणकावरून ती खाच बंद केली. दवाखान्याचं काम मध्येच तुटू नये, ही माणुसकीही कामाचाच भाग आहे.

२. जोडीदार पाहिला. नवं मॉड्यूल जुन्यासारखंच आहे ना? वेग तोच? लहरीची लांबी तीच? पल्ला तोच? दोन टोकांची मॉड्यूल एकमेकांना शोभणारी हवीत. काही मॉड्यूल एकाच तंतूवरून येणं-जाणं दोन्ही करतात. त्यांची जोडी उलटसुलट असते. एक १३१० वर बोलतं आणि १५५० वर ऐकतं, तर पलीकडचं १५५० वर बोलतं आणि १३१० वर ऐकतं. दोन्हीकडे एकसारखंच बसवलं, तर दोघंही बोलणार आणि ऐकणार कुणीच नाही!

३. मनगटाला पट्टा बांधला. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना चट्चट् आवाज होतो ना? ती स्थिर वीज. आपल्याला ती जेमतेम जाणवते, पण मॉड्यूलमधल्या नाजूक भागांना ती मारू शकते. पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेली असते. तिच्यातून ही वीज निघून जाते.

४. आधी वायर काढली. कनेक्टरची खिट्टी दाबून, कनेक्टरलाच धरून. वायर ओढून नाही! लगेच दोन्हीकडे टोप्या.

५. मग मॉड्यूल काढलं. त्याला तारेची एक छोटी कडी असते. ती खाली केली, की आतला अडसर सुटतो. मग सरळ बाहेर ओढायचं. बराच वेळ चालू असलेलं मॉड्यूल चांगलंच तापलेलं असू शकतं, म्हणून कडेनं धरायचं.

६. नवं बसवलं. खास पिशवीतून काढलं, कडी वर केली, बाजू नीट पाहिली आणि हळूच आत सरकवलं. ‘टक्’ असा आवाज आला की बसलं. जात नसेल तर जोर लावायचा नाही, बाजू तपासायची. काही स्विचमध्ये वरच्या आणि खालच्या ओळीत मॉड्यूल एकमेकांच्या उलटं बसतं.

७. टोक तपासलं, पुसलं, पुन्हा तपासलं, जोडलं. इकडचा ‘टीएक्स’ पलीकडच्या ‘आरएक्स’ला जायला हवा. दिवा लागला नाही, तर पुष्कळदा एवढंच झालेलं असतं, की दोन तंतूंची अदलाबदल झाली आहे.

८. शेवटी मोजलं आणि लिहिलं. दिवा हिरवा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. किती उजेड पोचतोय, हे आकड्यात पाहायचं. उजेड मोजण्याचं माप आहे डीबीएम. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे १० म्हणजे त्याचा दहावा भाग. उणे २० म्हणजे शंभरावा भाग. दहा किलोमीटर पल्ल्याचं साधारण मॉड्यूल एवढ्या क्षीण उजेडाच्या आसपासही काम करतं!

उजेड फार कमी नको, तसा फार जास्तही नको. ऐंशी किलोमीटर पल्ल्याचं ताकदवान मॉड्यूल दहा मीटरच्या वायरीला लावलं, तर पलीकडचा ‘कान’च जळू शकतो. तिथे मध्ये उजेड कमी करणारा तुकडा बसवावा लागतो.

वळण असावं बारवेसारखं

आता वालूरच्या बारवेच्या पायऱ्या पुन्हा आठवा. त्या एकदम काटकोनात वळत नाहीत, मोठा फेर घेत वळतात. प्रकाशतंतूची वायर ठेवताना हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवावं. वळण मोठं असलं, तर उजेड आत ठेचकाळत पुढे जातो. वळण फार आवळलं, तर तो काचेवर पुरेसा तिरका आदळत नाही आणि बाहेर निसटतो. आणखी आवळलं तर काच मोडते. स्विचजवळच्या साध्या वायरीसाठी तंत्रज्ञ साधारण तीन सेंटिमीटर त्रिज्येहून लहान वळण देत नाहीत. उरलेली वायर गोल वेटोळं करून ठेवतात. प्लॅस्टिकच्या पट्टीनं करकचून बांधण्याऐवजी चिकटपट्टीसारख्या मऊ कापडी पट्टीनं सैल बांधतात. वायरीवर पेटी ठेवत नाहीत, ती दारात चिरडू देत नाहीत.

रंगही बोलतात बरं का! पिवळं आवरण सहसा बारीक गाभ्याच्या, लांब पल्ल्याच्या तंतूचं असतं. नारिंगी किंवा फिकट निळसर-हिरवं आवरण जाड गाभ्याच्या, जवळच्या पल्ल्याच्या तंतूचं. त्यांची सरमिसळ चालत नाही. बारीक गाभ्याच्या वायरीचा कनेक्टर निळा असेल, तर त्याच्या काचेचं टोक जवळजवळ सरळ घासलेलं असतं. हिरवा असेल, तर आठ अंशांनी तिरकं. हिरव्याला निळा जोडला, तर टोकं नीट टेकत नाहीत, उजेड वाया जातो आणि काचेला इजा होऊ शकते.

आणखी एक सूचना. तुटलेली वायर जोडताना काचेचे बारीक तुकडे पडतात. ते सुईसारखे त्वचेत घुसतात आणि दिसतही नाहीत. म्हणून जोडणी करणारे कारागीर चष्मा घालतात, काळ्या कापडावर काम करतात, तुकडे झाकणाच्या डबीत टाकतात, तिथे काही खात-पीत नाहीत आणि उठताना हात धुतात. रस्त्याच्या कडेला असं काम चाललेलं दिसलं, तर लांबूनच पाहा. पडलेला तुकडा खेळायला उचलू नका.

करून पाहा

कोलादाँचा प्रयोग घरी करता येतो. मात्र लेसरचं खेळणं वापरायचं नाही, साधी बॅटरीच घ्यायची.

एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळापासून पाचेक सेंटिमीटरवर मोठ्या माणसाकडून पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडून घ्या. भोकावर बोट ठेवून बाटली पाण्यानं भरा. भोकाच्या बरोबर समोरची जागा सोडून बाकी बाटलीला काळा कागद गुंडाळा. ती मोरीच्या कडेला ठेवा आणि अंधार करा. कागद नसलेल्या जागी बॅटरी टेकवून लावा आणि बोट काढा. धार जिथे वाकून खाली येते, तिथे तळहात धरा. हातावर उजेडाचा डाग नाचताना दिसेल! आता भोकाच्या तोंडाशी ओलसर मातीचा एक छोटा गोळा लावून पाहा. धार फाटते आणि हातावरचा उजेड विस्कटतो. धुळीचा कण प्रकाशतंतूच्या तोंडाशी काय करतो, याची थोडीशी कल्पना तुम्हाला येईल.

पुढे तुमच्यापैकी कुणी आयटीआयमध्ये जाईल, कुणी अभियंता होईल, कुणी दूरसंचाराच्या केंद्रात काम करील. तेव्हा हातात नवीन प्रकारची मॉड्यूल असतील, वेग आणखी वाढलेला असेल. पण काच तीच असेल आणि डोळेही तेच, देवानं दिलेले दोन. त्यामुळे तीन सवयी आजपासूनच लावून घ्या. काम करण्यापूर्वी लिहायचं. वस्तू जोडण्यापूर्वी पुसायची. आणि जे दिसत नाही, ते नाहीच असं कधी समजायचं नाही.

पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत नेट बंद पडलं आणि कुणी वायर उपसून तिच्या टोकात डोकावू लागलं, तर लहान-मोठं न पाहता त्यांना सांगा, “काका, ते टोक आधी खाली करा. त्यातला उजेड दिसत नाही, पण तो असतो!”